बागेत वेंडिंग मशीन हवं का?

(मंडळाच्या उन्हाळी ज्येष्ठ मेळाव्यात केलेलं भाषण. संपादकांच्या आग्रहावरून, बोललो जवळपास तसंच.)



मघाशी चहाच्या रांगेत एकांनी मला विचारलं, "बागेत कोल्ड्रिंकचं मशीन ठेवावं की नाही, यावर तुम्ही पंधरा मिनिटं बोलणार? विषय संपले का?" विषय संपलेले नाहीत. पण गुडघेदुखीवर आपण दर महिन्याला बोलतोच, तेव्हा आज जरा हा.

आपल्या टाउनशिपपुढे एक प्रस्ताव आलाय. तीन बागांमध्ये मिळून सहा वेंडिंग मशिन्स बसवायची. यंत्रं कंपनीची, जागा आणि वीज आपली, विक्रीतला काही वाटा टाउनशिपला. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, कुणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतं. आपल्यापैकी आजवर कोण बोललंय? बरं, राहू द्या, हात वर करू नका. मीही गेलेलो नाही.

आधी एक गंमत सांगतो. पैसे टाकून वस्तू देणारं, इतिहासात नोंद असलेलं पहिलं यंत्र चक्क देवळातलं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. नाणं टाकलं की त्याच्या वजनाने तरफ कलायची, झडप उघडायची आणि थोडंसं पवित्र पाणी बाहेर यायचं. नाणं घसरून खाली पडलं की झडप बंद. थोडक्यात, तीर्थाचं मशीन! दोन हजार वर्षांपूर्वीही पाणीच विकलं जात होतं, हे मात्र लक्षात ठेवा.

आता माझ्या घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझे वडील सहा महिन्यांसाठी इथे आले होते. तुमच्याकडेही आई-बाबा येतात, तुम्हाला माहीत आहे. गाडी चालवता येत नाही, मुलगा-सून कामाला, नातवंडं शाळेत. घरातून एकट्याने चालत जाता येईल अशी एकच जागा, ती म्हणजे बाग. दादा रोज सकाळी जायचे. ते इन्शुलिन घेत. एके दिवशी इन्शुलिन घेतलं, नाश्ता मात्र आल्यावर करू म्हणाले आणि निघाले. टेनिस कोर्टापाशी पोचले तेव्हा हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. साखर उतरली होती.

कोर्टाजवळ एक मशीन होतं. काचेमागे संत्र्याच्या रसाची बाटली समोर दिसत होती. दादांच्या खिशात काय होतं? घराची किल्ली, रुमाल आणि दहा रुपयांचं नाणं. यंत्राला हवा होता डॉलर. टेनिस खेळणाऱ्या एका मुलीने त्यांना पाहिलं, खेळ टाकून आली, रस काढून दिला आणि मी येईपर्यंत बाकावर त्यांच्याशेजारी बसून राहिली. घरी आल्यावर दादा एवढंच म्हणाले, "सारसबागेबाहेरचा भेळवाला असता तर म्हणाला असता, काका बसा आधी, पैसे उद्या द्या."

म्हणून "बागेत यंत्र नकोच" असं मला सरळ म्हणता येत नाही. त्या दिवशी रस यंत्रातूनच आला. पण तो मिळवून दिला माणसाने, हेही विसरता येत नाही.

टाउनशिपचा मुख्य मुद्दा पैशांचा आहे. त्यावर न्यूयॉर्कचं उदाहरण बघा. २००३ साली शहराने स्नॅपलशी पाच वर्षांचा करार केला. शाळा आणि शहराच्या इमारतींमधल्या मशिन्सचा मक्ता एकाच कंपनीला, आणि जाहीर झालेला आकडा १६ कोटी ६० लाख डॉलर. शहराचे कंट्रोलरच त्याविरुद्ध कोर्टात गेले. पुढे विक्रीही अपेक्षेएवढी झाली नाही. तेव्हा कागदावरचा आकडा बघून लगेच हुरळून जायला नको. शिवाय वीज आपली आहे. जुनं थंड पेयांचं यंत्र वर्षाला अडीच ते साडेचार हजार युनिट वीज खातं. नवी कमी खातात, पण मग आपल्याकडे कुठली येणार, हे विचारायला नको का?

साखरेचं तर बोलायलाच नको. वीस औंसांच्या कोलाच्या बाटलीत साधारण ६५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सोळा चमचे. आपल्या मेळाव्यात चहात दोन चमचे घातले तर चार जण डोळे वटारतात! सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी २०१० साली शहराच्या जागेतल्या मशिन्समधून अशी गोड पेयं काढायला लावली होती. दादांना साखर लागली हे खरं, पण त्यासाठी रसाची एक रांग पुरते.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. खेळण्यांजवळचा पिण्याच्या पाण्याचा नळ आठवतो? २०२० मध्ये कोविडमुळे बंद केला, त्यावर पिशवी बांधली. पिशवी फाटली, नळ अजून बंदच आहे. नळ दुरुस्त करायला टाउनशिपला प्लंबर बोलवावा लागतो, यंत्र बसवायला कंपनी आपणहून येते. मग प्रस्तावात लिहिलं जातं की बागेत लोकांना पाण्याची गैरसोय होते, म्हणून मशीन हवं! अहो, नळ कोणी बंद ठेवला?

पाहुण्यांना घेऊन ग्रँड कॅन्यनला आपण सगळेच जातो. तिथे प्लास्टिकच्या बाटल्या कचऱ्याचा अंदाजे २० टक्के भाग झाल्या होत्या. २०१२ मध्ये त्यांनी पाण्याच्या छोट्या बाटल्यांची विक्री बंद केली, पण बाटली भरून घ्यायचे फुकट नळ आधी लावले, मग बंदी. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे उलटा चाललाय.

आणखी एक. हायवेवरच्या रेस्ट एरियात आपण चिवडा खातो, तिथली मशिन्स कोणाची असतात ठाऊक आहे? इंटरस्टेटवरच्या अशा जागांमध्ये धंद्याला मनाई, पण १९८२ च्या कायद्याने मशिन्सना परवानगी मिळाली आणि ती चालवण्यात पहिला हक्क अंध विक्रेत्यांना दिला. मला हे कळल्यापासून तिथे नाणं टाकताना बरं वाटतं. आपल्या बागेतला पैसा कुठे जाणार? बागेवरच खर्च होणार की सगळ्या खर्चात मिसळून जाणार? तेही विचारू या.

तर मी सुनावणीत हे म्हणणार आहे: आधी तिन्ही बागांतले नळ चालू करा. मग सहा नाही, दोन मशिन्स ठेवा, तीही पार्किंगपाशी, झाडांत आणि झोपाळ्यांजवळ नकोत. जमिनीला पक्की बोल्ट करा, कारण फुकट बाटलीसाठी यंत्र हलवताना ते अंगावर पडून १९७८ ते १९९५ या काळात या देशात किमान ३७ माणसं गेली आहेत. हसू नका, खरं आहे.

एवढं तीन मिनिटांत बसेल का, शंकाच आहे. म्हणून आणखी कुणीतरी बोलायला हवं. इंग्रजीची भीती वाटत असेल त्यांनी नुसतं येऊन बसलं तरी चालेल, खुर्च्या भरलेल्या दिसतात. बाहेर चहाच्या टेबलावर कागद ठेवलाय, नावं लिहा. ज्यांना गाडी नाही त्यांनी नावापुढे फुली करा, आम्ही न्यायला येऊ.

ता. क. : सुनावणीला आपले अकरा जण आले, चौघे बोलले. मशिन्सचा निर्णय हा अंक छापायला जाईपर्यंत झालेला नव्हता. नळावरची फाटकी पिशवी मात्र दुसऱ्याच आठवड्यात काढली. पाणी अजून यायचंय.