चुकलेली उडी

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेला जवळा म्हणजे बाजारात मापाने विकले जाणारे प्लवक. प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ नसलेल्या, पाणी नेईल तिकडे जाणाऱ्या जिवांना प्लवक म्हणतात. त्यांतले प्राणी ते प्राणिप्लवक. जवळा त्यांतला आडदांड, बोटाच्या पेराएवढा. बाकीचे बहुतेक मिलिमीटरभराचे, आणि त्यांत सर्वाधिक भरणा कोपेपॉड या कवचधारी जिवांचा. सूक्ष्म शैवाल कोपेपॉड खातात, शैवाल आणि कोपेपॉड दोन्ही जवळा खातो, जवळ्यावर बोंबील पोसतो. अंधेरीच्या घरातल्या कालवणाचा हिशेब इथून सुरू होतो.

‘पाणी नेईल तिकडे’ ही व्याख्या कोपेपॉडवर जरा अन्यायच करते. त्याच्या लांब स्पर्शिकांवर केस असतात. मासा जवळ आल्याने पाणी किंचित हलले, तरी ते केसांना कळते आणि काही सहस्रांश सेकंदांत कोपेपॉड उडी मारतो. त्या क्षणीचा वेग सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या काही शे पट असतो. काही जातींत मादीने पाण्यात मागे सोडलेल्या गंधाच्या रेषेवरून नर तिच्यापर्यंत पोहोचतो. खाडीतल्या काही जाती भरतीला वर येतात आणि ओहोटीला तळाशी बसतात; म्हणून त्या समुद्रात वाहून जात नाहीत. एवढेसे शरीर, पण त्याचे जगणे पूर्णपणे वेळेवर केलेल्या हालचालींवर उभे आहे.

पाण्यातल्या विषाची नेहमीची चाचणी मेलेले जीव मोजते: 48 किंवा 96 तासांत निम्मे जीव मारणारी मात्रा कोणती, एवढेच ती सांगते. त्याखालची मात्रा निर्धोक, असा सोयीचा समज त्यातून रूढ झाला. वागणूक मात्र मरणाच्या कितीतरी आधी बिघडते.

मुलुंड, भांडुप, घाटकोपरचे सांडपाणी भांडुप आणि घाटकोपरच्या केंद्रांतून ठाणे खाडीकडे जाते, तर पश्चिम उपनगरांतले बरेचसे वर्सोवा आणि मालाडच्या केंद्रांतून मालाड खाडीकडे. अशी केंद्रे मुख्यतः गाळ आणि कुजणारा मळ काढण्यासाठी असतात; साबणाचा अंश किंवा औषध गाळण्यासाठी त्यांची रचना नसते. काही औद्योगिक साबणद्रव्ये आणि कापडधुलाईची रसायने विघटित झाली की नॉनिलफेनॉल उरते. फ्रान्समधल्या सेन नदीच्या मुखाशी राहणाऱ्या कोपेपॉडवर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मारक नसलेल्या मात्रेतही अशा द्रव्यामुळे त्यांची हालचाल आणि वेग वाढलेला दिसला. वाढलेली चपळाई ही तब्येत सुधारल्याची खूण नव्हे. सतत धडपडणारा जीव शक्ती वाया घालवतो आणि शिकाऱ्याच्या नजरेतही भरतो.

नॅप्थॅलीनचा परिणाम नेमका उलटा. कपाटातल्या डांबरगोळीचा हा पदार्थ डिझेलमध्येही असतो. त्याने कोपेपॉडला गुंगी येते, पोहणे मंदावते, खाणे थांबते. स्वच्छ पाण्यात नेल्यावर तो भानावर येऊ शकतो, पण तोवर मांदेळी वाट पाहत नाही. 7 ऑगस्ट 2010 रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया-3’ या जहाजांची मुंबईजवळ टक्कर झाली, तेल खाडीतल्या खारफुटीपर्यंत पोहोचले आणि त्याची भरपूर चर्चा झाली. होड्यांभोवती रोज दिसणाऱ्या इंद्रधनुषी तवंगाची बातमी होत नाही.

औषधांची मात्रा याहून कितीतरी सूक्ष्म असते. नैराश्यावरचे फ्लुओक्सेटीन हे औषध लिटरमागे ग्रॅमचा एक कोटीवा भाग एवढेच असताना ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे एक कवचधारी अंधार सोडून उजेडाकडे जाऊ लागले, असे पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधनात 2010 साली आढळले. तो प्राणी प्लवक नव्हे, तळाशी राहणारा; पण सेरोटोनिन हे चेतारसायन माणसाइतकेच कवचधारींच्या वागण्यातही काम करते, हे त्यातून स्पष्ट झाले. दिवसा खोल आणि रात्री वर हा प्राणिप्लवकांचा नित्यक्रमही उजेडावरच बेतलेला असतो.

उरले प्लास्टिक. स्नेहसंमेलनातल्या नृत्यासाठी गालांवर लावलेली चमकी बहुतेकदा प्लास्टिकच्या पापुद्र्याचीच असते आणि रात्री ती बेसिनमधून खाली जाते. प्लिमथच्या शास्त्रज्ञांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोपेपॉडना शैवालाबरोबर 20 मायक्रोमीटरचे पॉलिस्टायरीनचे मणी दिले. त्यांनी मणी गिळले आणि मण्यांच्या आकाराचे शैवाल टाळून त्याहून बारीक शैवाल खाणे पसंत केले. पोटात गेलेला कार्बन सुमारे 40 टक्क्यांनी घटला. प्रयोग लांबल्यावर अंड्यांची संख्या फारशी बदलली नाही. अंडी मात्र लहान झाली आणि त्यांतून पिल्ले कमी निघाली.