आप्त कोण?



श्रीगुरुचरणी वंदन करून आज एका अप्रिय विषयावर बोलण्याची अनुज्ञा मागतो. उत्सवाच्या मंडपात असे बोलू नये हे मला कळते. परंतु घटना आपल्याच बीदर जिल्ह्यातील आहे.

१३ जुलै २०१८ रोजी हैदराबादचा एक तरुण अभियंता मित्रांसह औराद भागात आला होता. वाटेत त्यांनी मुलांना चॉकलेटे दिली. गावकऱ्यांना ते मुले पळविणारे वाटले. त्यांची मोटार पुढे पोहोचण्यापूर्वीच व्हॉट्सॲपवरून वार्ता पोहोचली, आणि मुर्की येथे जमावाने त्यांना गाठले. सोडवावयास गेलेले पोलीसही जखमी झाले. तो तरुण मारला गेला.

त्याच्या बाराच दिवस आधी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारी पाच जणांचा असाच अंत झाला. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागत फिरणे ही त्यांची परंपरा. ज्या झोळीला आपण मठात हात जोडतो, तीच झोळी तेथे संशयाची खूण ठरली.

न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. वात्स्यायनांच्या भाष्याप्रमाणे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जो ती आहे तशीच सांगू इच्छितो, तो आप्त. मग तो ऋषी असो वा म्लेच्छ. मराठीत मात्र आप्त म्हणजे सोयरा! घोटाळा येथेच होतो. मामांनी पाठविले म्हणून आपण ते खरे मानतो; वस्तुतः मामांनी काहीच पाहिलेले नसते, त्यांनी आलेला निरोप केवळ पुढे ढकललेला असतो.

त्याच जुलैत व्हॉट्सॲप कंपनीने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल असे बंधन घातले. पण पाचांना धाडलेले असत्य काही सत्य होत नाही.

मोबाइल टाकून द्या असे मी म्हणत नाही. या उत्सवाचे निमंत्रणही पुष्कळांना त्यावरच आले असेल. मूल पळविल्याचा निरोप आला तर एवढेच विचारावे: कोणाचे मूल, कोणत्या गावचे, आणि पाहिले कोणी? उत्तर मिळाले तर पोलीस ठाण्यात कळवावे. उत्सव आटोपल्यावर झोळीवाली मंडळी येथून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांकडे निघतील. कोणी मराठी बोलेल, कोणी कन्नड. त्यांचे बोलणे आधी ऐकून घ्यावे, इतकी विनंती.