पूर्वपक्षालाही गुण हवेत



 उच्च शिक्षणातील वादविवाद आणि युक्तिवाद यांवरची परिषद पानिपतच्या काला अंब या रणांगणावर कशाला, असे अनेकांनी विचारले. १४ जानेवारी १७६१ रोजी येथे मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात जी लढाई झाली, तिच्याआधी मराठी छावणीत एक मोठा वाद झाला होता, आणि त्या वादावरचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून हे ठिकाण निवडले.

तो वाद युद्धपद्धतीचा होता. बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे आणि जड तोफा मागे ठेवाव्यात, हलक्या फौजेने शत्रूची रसद मारावी, असा सल्ला सूरजमल जाटाने दिला आणि मल्हारराव होळकरांचा कलही तिकडेच होता, असे बखरी सांगतात. सदाशिवरावभाऊंनी तो मानला नाही. भाऊंकडे पुरावा नव्हता असे नाही. वर्षभरही झाले नव्हते, १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि कवायती पायदळाने निजामाला नमवले होते. पण उदगीर घरच्या मुलखाजवळचे. इथे दाणापाणी परक्या मुलखातून यायचे आणि अब्दालीने तेच तोडले. म्हणजे दोन्ही बाजूंना आधार होता आणि दोन्ही बाजू लंगड्याही होत्या. बखरकारांच्या वर्णनात मात्र हा वाद मुद्द्यांवर सुटत नाही. बोलणारा कोण, त्याचा दर्जा काय, त्याचे वय झाले की काय, यावर सुटतो. अर्थात बखरीही तपासूनच घ्यायला हव्यात. पराभव ठाऊक असताना लिहायला बसले, की नाकारलेला सल्ला शहाणाच दिसतो. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडितानेही आपला फारसी वृत्तांत सुमारे वीस वर्षांनी लिहिला. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी ही साधने एका रीतीने लावली. त्र्यं. शं. शेजवलकरांनी साधनांची पुन्हा उलटतपासणी केली आणि आपला 'पानिपत १७६१' हा ग्रंथ आधी १९४६ मध्ये इंग्रजीत, नंतर १९६१ मध्ये मराठीत दिला. आमच्या महाविद्यालयांतला वक्ता पानिपतावर बोलायला उभा राहतो तेव्हा त्याच्या हाती बहुधा विश्वास पाटील यांची १९८८ ची कादंबरी असते. कादंबरी म्हणून ती जरूर वाचावी. पण वाद शिकायचा तर शेजवलकर आणि सरकार समोरासमोर ठेवून वाचावे लागतात.

माणूस मुद्दा केव्हा तोलतो आणि बोलणाऱ्याच्या दर्जाकडे केव्हा पाहतो, यावर संशोधन झालेले आहे. १९८१ मध्ये पेटी, कॅसिओपो आणि गोल्डमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक प्रस्ताव ऐकवला: पदवीआधी आपल्या विषयाची एक सर्वंकष परीक्षा सक्तीची करावी. काहींना सांगितले की ही परीक्षा पुढच्याच वर्षी येणार. काहींना सांगितले, दहा वर्षांनी. प्रस्तावाचा उगम काहींना प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाचा आयोग म्हणून सांगितला, काहींना एका शाळेतला वर्ग म्हणून. युक्तिवादही काहींना भक्कम ऐकवले, काहींना कच्चे. ज्यांच्या स्वतःच्या मानेवर परीक्षा येणार होती, त्यांचे मत मुद्द्यांच्या कसानुसार बदलले. ज्यांना तिची झळ लागणार नव्हती, त्यांच्यावर आयोगाच्या नावाचे वजन पडले. श्रोत्याला विषयाची आच असली तरच तो मुद्दा तोलतो, असे मला यातून दिसते.

आता आपल्या वादविवाद स्पर्धा आठवा. पाच-सात मिनिटांचे भाषण, मग घंटा. परीक्षकांच्या तक्त्यात विषयमांडणी, भाषाशैली, उच्चार, हावभाव, सभाधीटपणा असे रकाने. समोरच्याचा मुद्दा समजून घेऊन त्याला उत्तर दिले का, याला रकाना क्वचितच असतो. त्यामुळे प्रत्येक जण पाठ केलेले भाषण म्हणतो, आधीचा काय बोलला याच्याशी त्याला घेणेदेणे उरत नाही, आणि फिरता करंडक ज्याचा आवाज आणि उच्चार परीक्षकांना भावतो त्याच्याकडे जातो. यात सर्वांत मोठा अन्याय होतो तो बोलीत वाढलेल्या मुलामुलींवर. गडचिरोलीच्या किंवा चंदगडच्या मुलीचा मुद्दा बिनतोड असला तरी उच्चाराच्या रकान्यात ती मागे पडते. मराठी छावणीत मुद्द्याऐवजी दर्जा तोलला गेला, असे बखरी वाचून आपण हळहळतो. आपल्या तक्त्यातही तेच होते आहे.

पदवीच्या वर्षांत विचार आपोआप धारदार होतो, ही समजूतही सोडायला हवी. डेव्हिड पर्किन्स यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्याने दाखल झालेले आणि शेवटच्या वर्षाला असलेले विद्यार्थी यांच्या रोजच्या प्रश्नांवरील युक्तिवादांत फारच थोडा फरक आढळला. डिआना कून यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात १६० जणांच्या मुलाखती मांडल्या. सुटलेले कैदी पुन्हा गुन्हा का करतात, मुले शाळेत का नापास होतात, असे प्रश्न त्यांनी विचारले. मते सर्वांकडे होती. पण मताला पुरावा कोणता, आणि तुमच्याशी असहमत असलेला माणूस काय म्हणेल, या प्रश्नांवर पुष्कळ जण अडले.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही दुसरी गोष्ट, म्हणजे विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडणे, वर्गात शिकवावी आणि तिला गुण द्यावेत. आपल्याकडे तिला पूर्वपक्ष म्हणतात आणि तो मांडल्याशिवाय सिद्धान्ताकडे जाता येत नसे. न्यायसूत्रांनी सत्यासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि केवळ खोडून काढण्याची वितंडा असे तीन प्रकार वेगळे केले. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर वैद्याने दुसऱ्या वैद्याशी चर्चा कशी करावी, हा शिक्षणाचाच भाग आहे. आधुनिक काळातले याहून मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या नावाने मराठीत ओळखले जाणारे त्यांचे न झालेले भाषण १९३६ मध्ये छापले गेले. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी 'हरिजन'मधली गांधीजींची टीका छापली आणि मग आपले उत्तर दिले. वाचकासमोर दोन्ही बाजू ठेवण्याची ही हिंमत आपल्या मुद्द्यावरच्या विश्वासातून येते. नुसते 'निःपक्षपाती राहा' म्हणून ती येत नाही, हेही प्रयोगाने दिसले आहे. लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन यांच्या १९८४ च्या प्रयोगात अशा उपदेशाने पूर्वग्रह हलला नाही. पण 'हाच अभ्यास उलट निष्कर्षाचा असता तर तुम्ही त्याला असेच जोखले असते का?' असा विचार करायला लावल्यावर तो कमी झाला.

यावर पहिला आक्षेप असा, की दोन्ही बाजू मांडायला लावले तर मुले तत्त्वशून्य होतील. तो जुना आहे. १९५४ मध्ये साम्यवादी चीनला मान्यता द्यावी का, हा अमेरिकन महाविद्यालयीन वादाचा विषय ठरला, तेव्हा तिथल्या भूदल आणि नौदल अकादमींनी भाग घेतला नाही. मला वाटते, विरोधकाचे म्हणणे मांडणे आणि ते स्वीकारणे यांत गल्लत होते. पूर्वपक्ष मांडून आंबेडकरांची भूमिका तसूभरही ढिली झाली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शार्लन नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की नेमून दिलेल्या विरोधकापेक्षा मनापासून असहमत असलेला माणूस गटाच्या विचाराला अधिक चालना देतो. हे मला मान्य आहे. म्हणून चिठ्ठी काढून बाजू वाटणे पुरेसे नाही. वर्गात खरे मतभेद असलेली मुले एकत्र बसवावीत आणि शेवटी प्रत्येकाला स्वतःचे मत कारणांसह लिहू द्यावे. तिसरे म्हणजे, प्रत्येक गोष्ट वादाला ठेवता येत नाही. बरोबर. कुणाच्या माणूसपणावर 'बाजूने की विरोधात' असा विषय देऊ नये. आपली राज्यघटना ही मर्यादा स्पष्ट आखते. उरला शंभर-सव्वाशेच्या वर्गाचा प्रश्न. तिथे व्यासपीठच नको, दोघादोघांच्या जोड्या पुरतात. कून यांनी शाळकरी मुलांच्या जोड्यांना वर्षानुवर्षे असेच वाद घालायला लावून त्यांच्या लेखनात सुधारणा पाहिली.

या दोन दिवसांत आपल्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. सत्रात प्रश्न विचारायला उठाल तेव्हा आधी निबंधवाचकाचा मुद्दा एका वाक्यात सांगा, तो 'हो, हेच म्हणालो' असे म्हणेपर्यंत थांबा, आणि मग विरोध करा. आणि परत गेल्यावर आपल्या महाविद्यालयाच्या पुढच्या स्पर्धेआधी गुणांचा तक्ता मागवून घ्या, उच्चाराच्या रकान्यातले गुण कमी करा आणि ते पूर्वपक्षाला द्या.