सही कोणाची?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेले भाषण)



मुलगी वयात आली की सगळे घर तिच्यावर नजर ठेवू लागते. ती सज्ञान झाली याची मात्र कोणी दखल घेत नाही. १८७५च्या कायद्याने माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. भेद घरात सुरू होतो.

जी स्वतः कमावते, जिला सारे गाव ओळखते, ती बाई तरी मोकळी असेल असे आपल्याला वाटते. हंसा वाडकरांचे पाहा. १९३६ साली 'विजयाची लग्ने' या चित्रपटात त्या आल्या, तेव्हा जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. घर त्यांच्या कमाईवर चाले. लग्नानंतर काम सोडून संसार करावा असे त्यांना वाटत होते; तेही त्यांच्या हातात राहिले नाही. हे सारे त्यांनी १९७० साली 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनात सांगितले. पडद्यावरची बाई सर्वांनी पाहिली होती. तिचे म्हणणे ऐकायला तीसहून अधिक वर्षे जावी लागली.

हा जुना काळ म्हणाल, तर अमेरिकेतल्या ब्रिटनी स्पिअर्स या गायिकेचे उदाहरण घ्या. १९९८ साली, सोळाव्या वर्षी, ती प्रसिद्ध झाली. २००८ मध्ये तिची मानसिक स्थिती ठीक नाही म्हणून न्यायालयाने तिच्यावर पालक नेमले, ते तिचे वडील. तेव्हा ती सव्वीस वर्षांची, दोन मुलांची आई होती. पुढच्या तेरा वर्षांत तिने गाणी केली, लास वेगासला कार्यक्रम केले. पण पैशाचे आणि शरीराचे निर्णय दुसऱ्यांकडे. आपल्याला मूल हवे आहे, पण तांबी काढू देत नाहीत, असे तिने जून २०२१ मध्ये न्यायालयाला सांगितले. नोव्हेंबरमध्ये ते पालकत्व संपले.

आजारपणात आधार लागतो, हे मान्य. पण आधार देताना तिला विचारावे लागते, आणि ती सावरली की बाजूला व्हावे लागते. कमावण्याइतकी शहाणी, पण कमाई सांभाळण्याइतकी नाही, हा कुठला न्याय?

आमच्या वस्तीत दुकानांत, पॅकिंगच्या कामावर जाणाऱ्या मुली आहेत. पासबुक वडिलांकडे, कार्ड भावाच्या खिशात. विचारले तर उत्तर मिळते, "लागेल तेवढे देतो की तिला!" त्यांना कोणी ओळखत नाही, एवढाच काय तो फरक.

बँकेचा नियम इथे आपल्या बाजूचा आहे. अज्ञान मुलीच्या खात्यावर पालकाची सही चालते. तिला अठरा पूर्ण झाली की तो अधिकार संपतो, आणि खात्यावर तिची स्वतःची सही नोंदवावी लागते. तेव्हा आपापल्या गटातल्या अशा मुलींची यादी करा. त्यांच्याबरोबर बँकेत जा. सही तिची झाली, तरी कार्ड कोणाकडे राहते तेही विचारा. घरात कुरबूर होईल. त्या दिवशी तिच्या शेजारी आपण असायला हवे.