हरवलेला गंध



आंधळ्यास वाट दाखवावयास चार हात पुढें होतात. बहिऱ्याशीं लोक निदान मोठ्यानें तरी बोलतात. पण ज्याचें नाक गेलें, त्याची विचारपूस कोण करतो? नाक जाणें म्हणजे अब्रू जाणें, एवढेंच आपली भाषा जाणते. माझी अब्रू शाबूत होती. गेला होता तो वास.

२०२१ च्या एप्रिलांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत, आम्हां उभयतांस ज्वर आला. ताप उतरल्यावर पहिल्यानेंच ताटावर बसलों आणि म्हटलें, "अगं, वरणाला आज फोडणी दिलीच नाहींस का?" ती स्वतः अंथरुणावरून नुकतीच उठलेली. कांहीं न बोलतां तिनें दुसरी फोडणी आणून वर ओतली. तरी तेंच! मीं ताट सारलें. तेव्हां तिनें हिंगाची डबी माझ्या नाकाशीं धरली. मला कांहींच कळलें नाहीं. "अहो, चूक माझ्या हाताची नव्हती," एवढेंच ती म्हणाली.

वास किंवा चव जाणें हें या रोगाचें लक्षण असल्याचें भारत सरकारनें १३ जून २०२० रोजीं आपल्या यादींत नमूद केलें होतें. हें मीं वर्तमानपत्रांत वाचलेलेंही होतें. पण वाचलेलें वेळेवर आठवेल तर मास्तर कसला!

गंमत अशी कीं, ठेचा मात्र पूर्वीसारखाच झोंबे. आयुर्वेदानें सहा रस सांगितले, त्यांत तिखटाला 'कटु' आणि कडूला 'तिक्त' म्हटलें आहे. या उलटापालटीवर मुलें नेहमीं अडखळत. आधुनिक शास्त्र तिखटाला रस मानीतच नाहीं. ती एक आग आहे, आणि तिची वर्दी निराळी नस मेंदूस देते. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी एक पांचवी रुचि ओळखते. बाकी ज्याला आपण चव म्हणतों ती बहुतांशीं घशामागून नाकांत चढणारा वासच होय. हा विषाणु वासाच्या पेशींपेक्षां त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर मुख्यतः घाला घालतो. म्हणून पुष्कळांचा वास कांहीं आठवड्यांत परततो. माझा परतला नाहीं.

एके सायंकाळीं मी स्वयंपाकघरांत वाचीत बसलों होतों. अंगणांतून नात ओरडत आली, "आजोबा, गॅस!" शेगडीची कळ उघडी राहिली होती. या वायूस मूळचा वास नसतो; सावध करण्यासाठींच त्यांत उग्र दर्पाचें द्रव्य मिसळतात. तें मजपुढें व्यर्थ होतें. त्या दिवसापासून सौ. मला तेथें एकट्याला बसूं देईना.

डॉक्टरांनीं औषधापेक्षां अभ्यास दिला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, सकाळ-सायंकाळ हुंगावयाचीं, डोळे मिटून, जुना वास आठवीत. जर्मनींतील हुमेल यांनीं २००९ सालीं ही रीत मांडली. सौ. एकेक वाटी पुढें धरी, मी मुलासारखा चुकीचें उत्तर देईं. तीन महिने कोरडे गेले. मग परततां कांदाच जळक्या रबरासारखा येऊं लागला! डॉक्टर म्हणाले, हें सुधारण्याचें चिन्ह असूं शकतें.

आश्विनांत एके सकाळीं मीं विचारलें, "सीताफळें पिकलीं का गं?" आमच्या बालाघाटच्या डोंगरांतलीं सीताफळें, बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें आहे.

"कोपऱ्यांत पोत्याखालीं आहेत. पाहिलींत वाटतें?"

मीं पाहिलीं नव्हतीं.

हिंग मात्र अजून पुरता कळत नाहीं. वरणाविषयीं मी आतां कांहीं बोलत नाहीं.