घरातला समुद्र



ज्या गावाच्या वेशीला समुद्र लागत नाही, त्या गावात समुद्र घरी कसा राखावा यावर व्याख्यान व्हावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटले असेल. परंतु हा छंद आता बंदरांच्या गावांपुरता राहिलेला नाही. दिवाणखान्यात काचेची टाकी, तिच्यात खारे पाणी, पाण्यात खडक, खडकाच्या कपारीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, असे दृश्य पुष्कळ घरांतून दिसू लागले आहे. त्यांतल्या बऱ्याच टाक्या वर्षभरात रिकाम्या होऊन माळ्यावर जातात, आणि त्यांत जे जीव होते ते त्याआधीच गेलेले असतात. असे का होते, हे आज आपल्याला पाहायचे आहे. हा समुद्र घरात जगतो कशावर, तो राखायला काय करावे लागते, आणि तो राखताना बाहेरच्या समुद्राचे आपण किती देणे लागतो, असे तीन प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. तिसरा प्रश्न शेवटी येणार असला तरी तो सर्वांत लहान नाही.

आरंभ थोडा मागे जाऊन करू. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही पोवळी लंडनला आणली. रेल्वेने समुद्र थोडाच बरोबर येतो! आणलेले पाणी दोन दिवसांत शिळे होणार, आणि लंडनमध्ये ताजे मिळणार नाही. बाईंनी तोडगा काढला. घरातल्या मोलकरणीने रोज उघड्या खिडकीपाशी उभे राहावे आणि ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात, त्या भांड्यातून या भांड्यात, अर्धा-पाऊण तास ओतत राहावे. आपल्याकडे चहा निववतात तसे. ओतताना पाण्यात हवा मिसळे आणि पोवळी तग धरीत. पुढे बाईंनी त्या पाण्यात समुद्रातल्या वनस्पतीही ठेवल्या. आज हेच काम विजेचा पंप करतो. पण तत्त्व तेच आहे. माणूस मासे पाळतो असे म्हणतो खरे. प्रत्यक्षात त्याला पाळावे लागते ते पाणी. पाणी नीट राखले की मासे आपोआप राहतात.

त्यानंतर फिलिप हेन्री गॉस हे निसर्गशास्त्रज्ञ आले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८५४ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि कृत्रिम समुद्रजल कसे बनवावे याची कृतीही प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाने इंग्लंड वेडे झाले. घरोघरी काचेच्या पेट्या आल्या, आणि त्या भरण्यासाठी लोक बादल्या, जाळी, छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. खडकांतली कुंडे पाहता पाहता उजाड झाली. ती कुंडे गॉस यांना प्राणाहून प्रिय होती, आणि ती उजाड करणारी गर्दी त्यांच्याच लेखणीने तेथे आणली होती. त्यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनी १९०७ च्या आपल्या आत्मपर ग्रंथात या नासाडीबद्दल व वडिलांना तिच्यापायी झालेल्या दुःखाबद्दल लिहून ठेवले आहे. ही हकीकत श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

आता पहिला प्रश्न. प्रवाळखडक जगतो कशावर? पोवळे हा दगड दिसतो, झाडासारखा वाढतो, आणि असतो मात्र प्राणी. नखाएवढ्या किंवा त्याहून लहान असंख्य जीवांची ती वसाहत असते. प्रत्येक जीव आपल्याखाली चुन्याची वाटी बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात. ही शैवाले उजेडात अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा हिस्सा यजमानाला देतात. यजमान त्यांना आसरा आणि खत देतो. उष्ण समुद्रातले पाणी फार निर्मळ, म्हणजे अन्नाच्या दृष्टीने दरिद्री असते. त्या दारिद्र्यात एवढा संसार उभा राहतो तो या भागीदारीवर. म्हणूनच टाकीला भरपूर प्रकाश लागतो, पाणी सतत हलते लागते, आणि ते स्वच्छ लागते.

स्वच्छ म्हणजे मात्र निर्जंतुक नव्हे. माशाच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच सौम्य. खडकाच्या आतल्या छिद्रांत, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे आणखी काही जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन करून तो हवेत सोडून देतात. हा सगळा कारखाना डोळ्यांना दिसत नाही, आणि तो बाजारातून तयार मिळत नाही. घरातल्या गृहिणींना हे अधिक सांगायला नको. विरजण लावल्यावर दर पाच मिनिटांनी भांडे हलवून दही होत नाही. टाकीत पाणी आणि खडक घातल्यावर साधारण चार ते सहा आठवडे हे विरजण लागू द्यावे लागते. आधी अमोनिया वाढतो व उतरतो, मग नायट्राइट वाढते व उतरते. परीक्षानळीत दोन्ही शून्य दिसू लागली की मग पहिला मासा. टाकी आणली शनिवारी आणि मासे सोडले रविवारी, अशा घरात पुढच्या रविवारी काय होते ते आम्ही सांगत नाही.

दुसरा प्रश्न रोजच्या राखणीचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो मीठ लागेल. पण ते स्वयंपाकाचे मीठ नव्हे. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर पुष्कळ द्रव्ये ठरावीक प्रमाणात असतात, म्हणून मत्स्यालयासाठी मुद्दाम बनविलेले क्षारमिश्रणच वापरावे. पाणी नळाचे घेऊ नये. त्यात क्लोरीन असते, शिवाय इतर द्रव्ये असतात. गाळणयंत्रातून क्षारमुक्त केलेले पाणी घ्यावे. आणि ते तांब्याच्या हंड्यात साठवू नये. तांब्याचा अंश माणसाला मानवत असेल; पोवळी, शंखातले प्राणी, झिंगे यांना तो अगदी थोडाही मारक ठरतो.

टाकीतले पाणी रोज उडते. उडते ते पाणी. मीठ मागे राहते. आमटी आटली की खारट होते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करायची, खाऱ्याने नव्हे. ही एक गोष्ट न समजल्यामुळे अनेकांची टाकी महिनाभरात मिठागर होऊन बसते. याशिवाय आठवड्याला साधारण दहावा हिस्सा पाणी काढून तेवढेच ताजे खारे पाणी घालावे. दोनशे लिटरांत वीस लिटर, म्हणजे सातशे ग्रॅम मीठ. हा हिशेब वाण्याच्या वहीसारखा नियमित ठेवावा.

पाण्याची उष्णता २५ ते २७ अंश सेल्सिअस असावी. आपल्याकडे वैशाखात हेच सर्वांत अवघड. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्याच वेळी जिवांना तो अधिक लागतो. ज्यांच्या घरात उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, त्यांना पाणी थंड करणारे यंत्र घ्यावेच लागेल. वीज गेली तर पंप थांबतो. तेव्हा घटावर चालणारा लहान हवापंप हाताशी हवा. एवढा खर्च झेपत नसेल तर हा छंद धरू नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. न झेपणारी हौस माणसाला महाग पडते. येथे ती दुसऱ्या जिवांना पडते.

खडकावर चढणारी गुलाबी शैवाले, गोगलगायी आणि पोवळी, सर्वांनाच चुना लागतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ते टाकीत हळूहळू खर्च होते. ते भरून काढण्याची एक जुनी युक्ती जर्मन भाषिक अभ्यासकांनी रूढ केली. ती युक्ती म्हणजे आपली ओळखीची चुन्याची निवळी! आटलेल्या पाण्याच्या जागी शुद्ध चुन्याची निवळी थेंबथेंब, शक्यतो रात्री सोडायची. एकदम ओतली तर ती दाहक असल्यामुळे घात होतो. पानाच्या डबीतला चुना मात्र चालणार नाही. शुद्ध रासायनिक चुनाच हवा.

मासे थोडे ठेवावेत. दोनशे लिटरांत चार-पाच लहान मासे पुष्कळ झाले. अन्न इतकेच द्यावे की दोन-तीन मिनिटांत संपेल. पाहुणा उपाशी जाऊ नये ही आपली रीत चांगली आहे, पण टाकीतल्या पाहुण्यांना आग्रह करून वाढणे म्हणजे पाणी नासवणे होय. आणि काही बिघडले तर एका दिवसात सगळे सुधारण्याची घाई करू नये. समुद्रात हजारो वर्षांत जे बदल होतात, ते आपण उत्साहाच्या भरात एका दुपारी घडवतो. या छंदात चांगले ते सारे सावकाश होते. झटपट होतो तो फक्त नाश.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्रातला जीवजंतूंनी भरलेला खडक टाकीत ठेवायचा, हवा आणि उजेड द्यायचा, की तो खडकच पाणी राखतो. रीत उत्तम होती. परंतु तो खडक यायचा कोठून? प्रवाळभित्ती फोडूनच. माशांची गोष्ट याहून वाईट. फिलिपीन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे पकडण्यासाठी कपारीत सायनाइडचे पाणी मारीत. गुंगलेला मासा हाती येई, मागे पोवळे मरे, आणि तो मासाही पुष्कळदा दुकानातून घरी आल्यावर मरे. मालकाला वाटे, आपल्याच राखणीत काही उणे राहिले. गॉस यांच्या किनाऱ्यावर जे छिन्नीने झाले, तेच येथे विषाने झाले.

आपल्या देशात कायद्याने या बाबतीत स्पष्ट रेषा आखली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळखडक बांधणारी सर्व पोवळी आणि समुद्रघोडे घालण्यात आले. ती समुद्रातून काढणे व विकणे हा गुन्हा आहे. कोणी दुकानदार 'नुसता एक तुकडा आहे' म्हणून समोर धरील. तो घेऊ नये. मेलेला पांढरा तुकडा शोभेला आणणेही योग्य नव्हे.

मग घरात काय ठेवावे? खडक कृत्रिम घ्यावा. सच्छिद्र भाजलेल्या मातीचा किंवा सिमेंटचा चालतो. जिवाणूंना घर हवे असते, त्या घराची जात ते विचारीत नाहीत. मासे घ्यावेत ते मत्स्यबीजकेंद्रात जन्मलेले. पट्टेरी विदूषकमासा बंदिवासात अंडी घालतो, नर ती राखतो. आपल्याच देशातील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्याच्या अनेक जातींची पैदास साधली आहे. निळा सर्जनमासा २०१६ पर्यंत कोणाला साधला नव्हता. त्या वर्षी फ्लॉरिडा विद्यापीठातील संशोधकांना तो साधला. परदेशी राहणारे आपले जे बांधव, तेथील कायद्याने परवानगी असेल तर, पोवळी पाळतात, त्यांनी ती एकमेकांच्या टाकीतल्या फांद्या तोडून वाढवावीत. जास्वंदीची फांदी शेजारणीकडून मागून आणतो, तसेच हे.

कोणी विचारील, एवढी बंधने असतील तर हा छंद हवाच कशाला? आमचे उत्तर असे. मालवणजवळच्या समुद्रात पोवळी आहेत. तो भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. लक्षद्वीपची बेटे तर पोवळ्यांवरच उभी आहेत. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर पोवळी अंगातली शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. पाणी लवकर निवले तर सावरतात. नाहीतर उपासमारीने मरतात. १९९८ साली हे जगभर झाले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्यांदा असे जागतिक संकट जाहीर केले. त्या वर्षी लक्षद्वीपही त्यातून सुटले नाही. एक अंश म्हणजे काय, हे वर्तमानपत्र वाचून कळत नाही. वैशाखातल्या एका दुपारी ज्याने आपल्या टाकीतला पारा २७ वरून २९ वर, २९ वरून ३० वर चढताना पाहिला आहे, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना पाहिले आहेत, त्याला ते कळते. टाकीला थंड करणारे यंत्र बसवता येते. अरबी समुद्राला ते कोठून बसवणार?

दोनशे लिटर पाणी नीट राखायला एवढी दक्षता, एवढा खर्च आणि एवढा धीर लागतो, हे ज्याच्या हाताला कळले, तो किनाऱ्यावर पोवळे तोडणार नाही, दुसऱ्याला तोडू देणार नाही. ही समज ज्या घरात येईल, तेथे ती टाकी शोभेपेक्षा मोठे काम करीत आहे असे आम्ही समजतो. ज्या घरात ती समज येणार नसेल, त्या घरातल्यांनी सुट्टीत मालवणास जावे, पाण्यात डोके घालून पोवळी पाहावीत, त्यांवर पाय देऊ नये, आणि रिकाम्या हाताने परत यावे. तोही या विद्येचाच एक पाठ आहे.