यंत्राची निवड आणि वाफशाचा हिशेब



   अधिवेशनाच्या अध्यक्षाने आपल्या शास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, आणि १९४२ साली अलाहाबादेस मेसन वॉ यांच्या पुढाकाराने कृषी-अभियांत्रिकीचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून आजतागायतचा आढावा घेण्याजोगा आहे यात संशय नाही. परंतु एक गोष्ट पुष्कळ वर्षे मनात बाळगून मी अशा व्यासपीठाची वाट पाहत आलो आहे. ती आज बोललो नाही, तर पुन्हा बोलण्याचा योग यावयाचा नाही.

माझी तक्रार ही की, यंत्राचे अभिकल्पन शिकविण्यात आपण वर्षे खर्च करतो आणि यंत्राची निवड हा विषय दोनचार तासिकांत उरकतो. परिणामी निवडीचे काम विक्रेत्याच्या पेढीवर, बँकेच्या कर्जखात्यात आणि अनुदानाच्या यादीत परस्पर होऊन जाते, आणि या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारला जातो : अश्वशक्ती किती? जमीन कोणती, पीक कोणते, आणि पाऊस उघडल्यावर त्या जमिनीत वाफसा किती दिवस टिकतो, हे विचारणारा अभियंता त्या कचेऱ्यांत मला क्वचितच भेटला.

आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत वाफसा ही सर्व मशागतीची गुरुकिल्ली आहे. माती मुठीत दाबली असता तिचा गोळा व्हावा आणि तो खाली टाकला असता फुटावा, ही परीक्षा शेतकऱ्याचे पोर जाणते. त्याआधी शिरावे तर चिकण माती फणाला लगडते, ट्रॅक्टरची चाके जागीच फिरतात आणि जमीन दडपली जाते. चार दिवस उशिरा शिरावे तर ढेकळे निघतात आणि पेरलेल्या बियाला ओल मिळत नाही. यंत्राची निवड म्हणजे या मोजक्या दिवसांत किती क्षेत्र उरकावयाचे याचे गणित होय. नऊ फणांचे, २२.५ सेंटिमीटर अंतराचे पेरणीयंत्र सुमारे दोन मीटर रुंदी व्यापते. ताशी ४ किलोमीटर वेग धरला आणि वळणे, बी भरणे, अडथळे यांपोटी तीस टक्के वेळ वजा घातला, तर ताशी अर्ध्या हेक्टरहून थोडे अधिक, म्हणजे आठ तासांच्या दिवसात साडेचार हेक्टर काम होते. वाफसा पाच दिवस टिकला तर एका यंत्राकडून बावीस हेक्टर. ज्या गावात रब्बीचे दोनशे हेक्टर क्षेत्र आहे तेथे अशी नऊ यंत्रे हवीत, आणि गावात यंत्र एक असेल तर ते ओढणारा ट्रॅक्टर पस्तीसचा आहे की पन्नासचा, याने त्या गावच्या पेरणीत काडीचाही फरक पडत नाही. हा हिशेब पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही करता येतो. तथापि कर्जाच्या प्रकरणाला तो जोडलेला मी एकदाही पाहिला नाही.

बैल की ट्रॅक्टर, हा वाद आपल्या परिषदांत अजून संपत नाही. त्याचा निकाल माझ्यापुरता मंगळवेढ्याच्या शिवारात लागला. हस्ताचा पाऊस होऊन गेला होता आणि भाड्याच्या एकुलत्या एक ट्रॅक्टरची पाळी लागता लागता वरची माती सुकून ओल चार बोटे खाली गेली होती. ते पेरणीयंत्र गव्हाच्या मुलखासाठी घडविलेले. त्याचा फण दोन बोटांहून खोल जाईना. एका वृद्ध शेतकऱ्याने आपली पाळी सोडून दिली, गोठ्यात उभी करून ठेवलेली पाभर बाहेर काढली, जड दिंडावर आणखी एक दगड बांधला आणि बैल जुंपले. घरची लक्ष्मी चाड्यातून ज्वारी सोडीत होती. बी नेमके ओलीत पडत होते. पुढे उगवण पाहावयास मी मुद्दाम गेलो. ट्रॅक्टरने पेरलेल्या शेजारच्या रानात तुटाळ होती आणि पाभरीच्या ओळी कासरा ताणल्यासारख्या सरळ, भरगच्च आल्या होत्या. माझे काही मित्र एवढ्यावरून बैलांचा जयजयकार करतील. त्यांनी पुढचेही ऐकावे. दुसऱ्या साली त्याच यंत्राचे एकाआड एक फण काढून टाकून अंतर ४५ सेंटिमीटर केले, उरलेले फण गावच्या लोहाराकडून लांबवून घेतले, आणि त्याच ट्रॅक्टरने पेरलेली ज्वारी पाभरीच्या तोडीची उगवली. बैल जिंकले नाहीत, ट्रॅक्टर हरला नाही. फण जमिनीला साजेसा झाला, इतकेच.

खोल नांगरटीच्या वादातही हेच. लोखंडी नांगराला तीन-तीन जोड्या जुंपणाऱ्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून एका वरिष्ठांनी माझ्यासमोर ‘ही उधळपट्टी’ असे उद्गार काढले होते. मी ताणमापक लावून पाहिला. चांगल्या खिलार जोडीचे वजन ९०० किलोच्या घरात. दिवसभर टिकणारी तिची ओढ वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे नव्वद किलोंची. भारी काळ्या रानात पंधरा सेंटिमीटर रुंद आणि बारा सेंटिमीटर खोल तास काढावयाचे तर शंभर किलोंहून अधिक ओढ लागते. मग मोठ्या नांगराला तीन जोड्या जुंपणारा मनुष्य उधळ्या कसा? आमच्या वरिष्ठांपाशी ताणमापक नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्र रानात पारखून घ्यावे, ही गोष्ट नवी नाही. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर विकला, तो शेतकऱ्याच्या रानात चालवून दाखवून. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात १९१९ साली ट्रॅक्टर-परीक्षणाचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी विल्मॉट क्रोझर नावाचा, निकृष्ट ट्रॅक्टर गळ्यात पडलेला शेतकरी-आमदार होता. आपल्याकडे बुदनीस परीक्षण होते आणि त्याचे मोल मी जाणतो. परंतु तेथील अहवाल तालुक्याच्या गावी कोण वाचतो, आणि वाचला तरी आपल्या वाफशाची मुदत त्यात कशी सापडावी?

तेव्हा माझी तजवीज अशी, की तालुकावार वाफशाची नोंदवही घालावी : पाऊस केव्हा झाला, रान केव्हा लागले, केव्हा सुटले. ती कोणी ठेवावी आणि खर्च कोणत्या खात्यावर टाकावा, हे कार्यकारिणीने ठरवावे. निवडीच्या विषयाला स्वतंत्र प्रश्नपत्रिका मिळावी असा ठरावही उद्या यावा. मसुदा मी तयार केलेला नाही, तरुणांनी तो करावा.

यानंतरचे निबंधवाचन काळ्या जमिनीतील रोटाव्हेटरच्या वापरावर आहे. निबंधकारांना माझी एकच विनंती : पाऊस थांबल्यावर कितव्या दिवशी आपण यंत्र रानात घातलेत, ते आकडे सांगण्याच्या आधी सांगावे.